अचानक घर सुटलेली मुले आणि ऑफिसमधले स्वयंसेवक: मदत नेमकी कुठे लागते

एखाद्या मुलाला स्वतःच्या घरात राहणेच धोक्याचे झाले, तर त्याला तिथून बाहेर काढावे लागते. मारहाण, लैंगिक अत्याचार, टोकाचे दुर्लक्ष, आईवडिलांचे व्यसन, त्यांना झालेली अटक, अचानक आलेले गंभीर आजारपण किंवा मृत्यू अशी कारणे असतात. भरवशाचे नातेवाईक लगेच मिळाले तर उत्तम. नाही मिळाले, तर आज रात्री हे मूल झोपणार कुठे, हा प्रश्न काही तासांत सोडवावा लागतो. अशा वेळी आधीच पारखून घेतलेले, प्रशिक्षण झालेले एखादे कुटुंब त्याला काही दिवसांसाठी आपल्या घरी ठेवून घेते. यालाच आपत्कालीन फॉस्टर केअर म्हणतात. हे दत्तक नव्हे. मुलाचे आईवडील कायद्याने त्याचे आईवडीलच राहतात, आणि घर सुरक्षित करून मूल परत तिथे जावे हाच पुष्कळदा पहिला प्रयत्न असतो.

हा विषय मूठभर मुलांचा नाही. अमेरिकेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी सुमारे ३ लाख ४३ हजार मुले फॉस्टर केअर व्यवस्थेत होती. इंग्लंडमध्ये ३१ मार्च २०२४ रोजी सुमारे ८३ हजार ६०० मुलांची जबाबदारी स्थानिक प्रशासनाकडे होती. यातली सगळीच मुले आपत्कालीन अवस्थेतली नसतात, पण पुष्कळांची सुरुवात अशाच एखाद्या घाईच्या दिवसाने झालेली असते.

या मुलांसाठी काहीतरी करावे असे अनेक कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांना वाटते. ही इच्छा मनापासून असते आणि तिची गरजही आहे. मात्र इच्छा झाली की पहिली कल्पना निघते ती मुलांना भेटायची. त्यांच्यासोबत एक दिवस घालवू, खेळ घेऊ, भेटवस्तू देऊ. माझे म्हणणे याच्या उलट आहे. नुकतेच घर सुटलेल्या मुलाला आणखी नवे चेहरे नको असतात. त्याला हवी असतात एक-दोनच माणसे, आणि त्या माणसांच्या हाताशी सगळे तयार असायला हवे. ऑफिसमधल्या स्वयंसेवकांची जागा मुलासमोर नाही. ती त्या एक-दोन माणसांच्या पाठीमागे आहे. असे का, हे समजायला आधी त्या पहिल्या दिवशी काय घडते ते पाहू.

पहिला दिवस

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण सांगाडा सारखाच असतो. कुणीतरी कळवते: शाळेतले शिक्षक, डॉक्टर, शेजारी, कधी मूल स्वतः. सोशल वर्कर किंवा पोलीस जाऊन पाहतात. धोका समोर दिसत असेल तर मुलाला तिथून हलवतात. हा अधिकार फार मोठा आहे, म्हणून कायदा त्याला वेळेची मर्यादा घालतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ च्या बालक कायद्यानुसार पोलीस मुलाला जास्तीत जास्त ७२ तास आपल्या संरक्षणात ठेवू शकतात. त्यापुढे न्यायालयाचा आपत्कालीन आदेश लागतो. तो जास्तीत जास्त ८ दिवसांचा असतो आणि एकदाच, फार तर ७ दिवसांनी वाढवता येतो. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात, पण तिथेही पहिली सुनावणी काही दिवसांतच घ्यावी लागते. सरकारने मुलाला घरातून नेले आणि मग महिनोन्महिने कुणी विचारलेच नाही, असे होऊ नये यासाठी ही तरतूद आहे.

कागदावर हे सुटसुटीत दिसते. मुलाच्या बाजूने पाहिले तर सगळा गोंधळ असतो. अनोळखी माणसे घरात येतात, मोठ्यांचा आरडाओरडा होतो, पाचदहा मिनिटांत निघायला सांगितले जाते. पुढे पोलीस ठाणे, रुग्णालय किंवा एखादे सरकारी कार्यालय. तिथे सोशल वर्कर एकामागून एक कुटुंबांना फोन लावत असतात. कुणाकडे आधीच दोन मुले आहेत. कुणाकडे तान्ह्या बाळाची सोय आहे, पण मूल चौदा वर्षांचे आहे. भावंडे असली तर काम आणखी अवघड होते, कारण तिघांना एकत्र ठेवू शकणारे घर सहज सापडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भावंडांची ताटातूट होऊ नये असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तरी प्रत्यक्षात घरे कमी पडतात आणि ताटातूट होते.

या सगळ्यात मूल वाट पाहत बसलेले असते. बऱ्याच मुलांना वाटते की चूक आपलीच. आपण शाळेत बोललो म्हणून हे घडले, आपण नीट वागलो असतो तर बाबांना पोलिसांनी नेले नसते. धाकट्या भावाला जेवू घालणारे, आई शुद्धीवर आहे का ते पाहणारे मूल तर घरच्यांच्या काळजीने आणखीच हैराण असते. घरात मार खाल्लेले मूलही घरासाठी रडते. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते. पण त्या मुलाच्या ओळखीचे सगळे जग तेवढेच होते.

मग एक दार उघडते. आतली माणसे चांगली असतात, पण ती चांगली आहेत हे मुलाला कुठून कळणार? बाथरूम कुठे आहे, रात्री दिवा चालू ठेवू देतील का, भूक लागली तर मागायचे की घ्यायचे, दार आतून लावले तर चालेल का, यातले काहीच त्याला माहीत नसते. काही मुले एकदम शहाण्यासारखी वागतात. ती सावरली आहेत असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा ती घाबरून गप्प झालेली असतात. काही मुले खाणे उशीखाली लपवतात, काही अंथरूण ओले करतात, काही कपडे बदलायला ठाम नकार देतात. अनुभवी फॉस्टर पालक अशा वेळी रागावत नाहीत. मुलाने आणलेली मळकी चादर किंवा जुने खेळणे लगेच धुवायलाही टाकत नाहीत, कारण घराचा ओळखीचा वास तेवढ्यातच उरलेला असतो.

एकच माणूस का हवे

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या दांपत्याने एक नेमके निरीक्षण केले. आई बाळंतपणासाठी रुग्णालयात गेल्यामुळे काही दिवस घराबाहेर राहावे लागणारी चार लहान मुले त्यांनी एकेक करून आपल्या घरी सांभाळली. दीड ते अडीच वर्षे वयाची ही मुले. मुक्काम १० ते २७ दिवसांचा. मुलाशी आधीच ओळख करून घेतली, त्याच्या सवयी विचारून घेतल्या, त्याची पांघरुणे आणि खेळणी सोबत ठेवली, आईविषयी बोलणे चालू ठेवले, आणि सांभाळायला दिवसभर एकच व्यक्ती, जॉयस. ही मुले अस्वस्थ झाली, आईची आठवण काढत राहिली, पण कोलमडली नाहीत.

याच सुमाराला त्यांनी सतरा महिन्यांच्या आणखी एका मुलाचे चित्रीकरण केले. जॉन त्याचे नाव. त्याची आईही बाळंतपणासाठीच गेली होती, पण तो नऊ दिवस एका निवासी बालगृहात राहिला. तिथल्या परिचारिका दुष्ट नव्हत्या. उलट तरुण आणि प्रेमळ होत्या. मात्र त्यांची कामे आणि पाळ्या बदलत असत, त्यामुळे जॉनचे असे कुणीच नव्हते. सुरुवातीला तो एकेकीजवळ जाऊन पाहायचा. तिला दुसऱ्या कामाला जावे लागले की पुन्हा एकटा पडायचा. काही दिवसांनी त्याने प्रयत्नच सोडला. खाणे कमी झाले, रडणे वाढले, एका मोठ्या टेडी बेअरला तो बिलगून राहू लागला. नवव्या दिवशी आई घ्यायला आली, तेव्हा तो तिच्याजवळ जायला तयार होईना.

पाहणाऱ्याला जॉनच्या भोवती माया दिसत होती. त्याला मात्र ती मिळत नव्हती, कारण ती सतत हात बदलत होती. स्वयंसेवेचा कार्यक्रम आखणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते. शनिवारी येणारे पंधरा हसरे कर्मचारी मुलाशी दोन तास छान खेळतील, त्याला कडेवर घेतील आणि निघून जातील. नुकत्याच घर सुटलेल्या मुलासाठी हे आणखी पंधरा निरोप आहेत. अशी काही मुले कुणाही अनोळखी माणसाला लगेच मिठी मारतात. पाहुण्यांना वाटते, किती लळा लागला! पण आपला कोण आणि परका कोण, यांतला फरक पुसला गेल्याचेही ते लक्षण असू शकते, आणि असा फरक न कळणारे मूल पुढे सहज कुणाच्याही जाळ्यात सापडू शकते.

संस्थेपेक्षा कुटुंब बरे, याला याहून मोठा पुरावाही आहे. रुमानियात बुखारेस्ट इथे २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थेत राहणारी १३६ लहान मुले होती. त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे निवडून फॉस्टर कुटुंबांत पाठवले गेले. ती मुले बौद्धिक वाढीत आणि माणसांशी नाते जोडण्यात पुढे गेली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात पोचलेल्यांना याचा सर्वाधिक फायदा झाला.

बॅग

आता ऑफिसमधून खरोखर करता येण्यासारख्या कामाकडे येऊ. सगळ्यांत प्रसिद्ध काम म्हणजे मुलांसाठी भरलेल्या बॅगा. ते मनापासून करण्याजोगे आहे, पण नीट केले तरच.

घाईत घर सोडणाऱ्या मुलाचे सामान अनेकदा कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबले जाते. दुसरे काही हाताशी नसते, म्हणून. वर्षानुवर्षे हे चालत आले आहे. आपले सगळे सामान कचऱ्याच्या पिशवीत पाहिल्यावर मूल स्वतःविषयी काय समजत असेल, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेतले रॉब शीअर लहानपणी अशीच पिशवी घेऊन फॉस्टर केअरमध्ये गेले होते. मोठेपणी त्यांच्या घरी फॉस्टर केअरमधून मुले आली, तीही तशाच पिशव्या घेऊन. इतक्या वर्षांत काहीच बदलले नाही हे पाहून त्यांनी २०१३ मध्ये ‘कम्फर्ट केसेस’ ही संस्था सुरू केली. ती मुलांसाठी चांगल्या बॅगा भरून देते आणि भरण्याच्या कामात स्वयंसेवक असतात. टेक्सस राज्याने तर २०२३ मध्ये कायदाच केला, की मुलांच्या सामानासाठी बाल संरक्षण विभागाने बॅगांचा साठा ठेवायचा.

बॅगेत काय असावे? पहिल्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी जे लागते ते. रात्रीचे कपडे, नवी अंतर्वस्त्रे, मोजे, टूथब्रश आणि पेस्ट, साबण, कंगवा, एक मऊ पांघरूण, लहानग्यांसाठी कुशीत घ्यायला एखादे खेळणे, मोठ्यांसाठी वही-पेन, छोटा टॉर्च. किशोरवयीन मुलींसाठी सॅनिटरी पॅड, आणि ते बॅगेत असावेतच. अनोळखी घरात पहिल्याच रात्री ते मागायला लागणे किती जड जाते, याचा विचार करावा. तान्ह्या बाळासाठी डायपर आणि कपडे ठीक. दुधाची पावडर मात्र संस्थेने सांगितल्याशिवाय नको, कारण बाळाला कोणते दूध चालते हे आधी कळावे लागते आणि डब्याची मुदतही संपते.

सगळे नवे असावे. घरातले जुने पण चांगले कपडे देण्यात काही वाईट नाही, पण त्यांची जागा ही नव्हे. या मुलाचे आत्ताच सगळे मागे सुटले आहे. किमतीची चिठ्ठी असलेला, आधी कुणी न वापरलेला टी-शर्ट म्हणजे हे माझ्यासाठी आणले आहे, असे त्याला सांगण्याचा एक मार्ग असतो.

वय आणि माप हा भाग सगळ्यांत दुर्लक्षित राहतो. दान देणाऱ्यांना लहान मुले आवडतात, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलांसाठी टेडी बेअरचा ढीग लागतो आणि पंधरा वर्षांच्या मुलाला बसेल असा एकही शर्ट नसतो. किशोरवयीन मुलांसाठी घर मिळणेही कठीण आणि बॅगही नाही. तुमच्या टीमला एकच गोष्ट वेगळी करायची असेल, तर तेरा ते सतरा वयोगटाच्या बॅगा करा. त्यांत खेळणी घालू नका. दाढीचे सामान, डिओडरंट, इअरफोन, चार्जर आणि बॅगेला लावायचे कुलूप घाला. ज्याच्या हातून सगळे गेले आहे त्याला स्वतःचे काही कुलपात ठेवता येणे ही लहान गोष्ट नाही. केसांचा पोत वेगवेगळा असतो, एकच कंगवा सर्वांना चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

बॅग कशी दिसते हेही महत्त्वाचे. त्यावर कंपनीचे चिन्ह नको, संस्थेचे नाव नको, ‘फॉस्टर’ हा शब्द तर नकोच. हीच बॅग मूल उद्या शाळेत नेणार आहे आणि वर्गातल्या कुणालाही ती साधीच बॅग वाटली पाहिजे. वयोगट आणि माप सांगणारी चिठ्ठी बाहेर अडकवावी, देताना काढून टाकता येईल अशी. आणि बॅग अर्धी रिकामी ठेवावी. मूल घरातून स्वतःचे काही आणत असेल तर ते त्यात मावले पाहिजे.

आत एखादे पत्र ठेवावे का, असे हमखास विचारले जाते. ठेवले तर दोन ओळींचे. ‘हे सगळे तुझे आहे. परत द्यायचे नाही.’ एवढे पुरे, आणि याचा उपयोगही खरा आहे, कारण वस्तू आपल्याला ठेवायला मिळणार याची पुष्कळ मुलांना खात्री नसते. ‘सगळे ठीक होईल’ असे लिहू नका. ते तुमच्या हातात नाही, आणि मोठ्यांची असली आश्वासने त्या मुलाने भरपूर ऐकलेली असतात. ‘तू किती धीराचा आहेस’ हेही नको. घाबरायची परवानगी त्याला असू द्या. पूर्ण नाव, फोन नंबर, सोशल मीडियावरचा पत्ता, कंपनीचे कार्ड यातले काहीही आत जाता कामा नये.

आधी विचारा, मग खरेदी करा

भरलेल्या दोनशे बॅगा कुठल्याशा गोदामात पडून राहणे आणि रात्री दोन वाजता सोशल वर्करच्या गाडीत एकही नसणे, हे सहज घडू शकते. म्हणून सुरुवात दुकानातून करू नये. बालकांचे काम पाहणारा सरकारी विभाग किंवा फॉस्टर केअर संस्था यांच्याकडे जाऊन विचारावे: महिन्याला साधारण किती मुले येतात, कोणत्या वयाची, रात्री बॅग कुणाच्या हाताशी लागते, साठवायला जागा किती आहे. उत्तर ‘आम्हाला बॅगा नकोत’ असेही येऊ शकते. गाडीत लहान मुलांना बसवायच्या सुरक्षित सीट, घडीचे पाळणे, गाद्या किंवा थेट पैसे यांची गरज जास्त असू शकते. ते उत्तर मान्य करायला मन मोठे लागते, कारण पैसे दिल्यावर टीमचा एकत्र फोटो निघत नाही.

मग पुरवठ्याचा प्रश्न. मुले वर्षभर येत राहतात आणि दाने मात्र सणासुदीच्या काळात येतात. वर्षातून एकदा पाचशे बॅगा देण्यापेक्षा दर महिन्याला चाळीस देणे कितीतरी उपयोगाचे. इथेच ऑफिसात काम करणाऱ्यांची ताकद आहे. साठा मोजणे, कोणत्या मापाची बॅग संपत आली ते पाहणे, पेस्ट आणि पॅडच्या मुदती तपासणे, पुरवठादाराशी भाव ठरवणे, पोचवणाऱ्याचे वेळापत्रक लावणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, अशी माणसे प्रत्येक कंपनीत असतात. सोशल वर्करवर कामाचा डोंगर असतो. तिच्या संस्थेची जुनी कागदी यादी कुणी चांगल्या तक्त्यात बसवून दिली, फॉर्म सोपे केले, जुने लॅपटॉप दुरुस्त करून दिले, पत्रांचे भाषांतर करून दिले, तर तिचे तास वाचतात. तो वाचलेला वेळ ती मुलाजवळ बसून घालवू शकते. यादीचे काम करताना मुलांची नावे आणि तपशील मात्र स्वयंसेवकांच्या नजरेला पडू नयेत. संस्थेने ते आधी काढून टाकलेले असावेत.

एक छोटे काम मला विशेष आवडते. बरीच फॉस्टर कुटुंबे एक स्वागतपुस्तिका तयार ठेवतात. घरात कोण कोण राहते, त्यांचे फोटो, मुलाची खोली, बाथरूम, घरातला कुत्रा, रात्री दिवा चालू ठेवता येतो, भूक लागली तर काय करायचे, असे सगळे साध्या वाक्यांत. सोशल वर्कर ती गाडीतच मुलाला दाखवते, आणि दार उघडण्याआधी मुलाला आत काय आहे ते कळते. प्रत्येक पालकाला अशी पुस्तिका नीटनेटकी करता येतेच असे नाही. डिझाइन, लेखन किंवा छपाई जाणणारे कर्मचारी संस्थेमार्फत चांगले साचे तयार करून देऊ शकतात: वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांचा, मोठ्यांसाठी वेगळा, दुसरी भाषा बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेतला.

सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळते

मुलासाठी चांगली व्यवस्था करायची तर फॉस्टर पालक टिकले पाहिजेत. आपत्कालीन सेवेतल्या कुटुंबाला फोन येतो आणि तासाभरात मूल दारात असते. पहिल्या रात्री पालकांची झोप होत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, शाळा, सुनावणी, सोशल वर्करची भेट. त्यातच मूल ओरडते, पळून जाते किंवा दिवसभर बोलतच नाही. आणि आठवड्याभरात लळा लागेपर्यंत ते पुढच्या घरी किंवा नातेवाइकांकडे निघून जाते. पालक थकून बाहेर पडले की घरे कमी होतात, आणि घरे कमी झाली की मुलांना कार्यालयातच रात्र काढावी लागते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हे घडले आहे.

या कुटुंबांना मदत करताना स्वयंसेवकांनी उंबऱ्यावरूनच परत फिरावे. तयार जेवण पोचवणे, कपडे धुण्याची सोय, पलंग जोडून देणे, मोठ्या भावंडांना आणण्यासाठी वाहनाचा खर्च, सामान उसने देणारी एखादी बँक. घरातल्या मुलाकडे बघून ‘हाच का तो?’ असे विचारू नये, त्याची हकीकत तर मुळीच विचारू नये. ती त्याची आहे. सांगायची की नाही आणि कुणाला, हे तोच ठरवील.

कंपनीच्या हातात आणखी एक गोष्ट आहे आणि तिला कुठलाही कार्यक्रम लागत नाही. तुमच्या कर्मचाऱ्यांपैकीच काही फॉस्टर पालक असतील किंवा व्हायचा विचार करत असतील. नोकरी सांभाळून हे जमेल का, ही त्यांची खरी अडचण. प्रशिक्षणासाठी रजा, मूल घरी आल्यावर पहिले काही दिवस सुट्टी, अचानक सुनावणी लागली तर वेळेत बदल, हे धोरणात लिहिलेले असले तर त्यांना दर वेळी साहेबांची मर्जी पाहावी लागत नाही. ब्रिटनमधली ‘द फॉस्टरिंग नेटवर्क’ ही संस्था अशाच नोकरदात्यांसाठी ‘फॉस्टरिंग फ्रेंडली’ नावाची योजना चालवते. शंभर बॅगांपेक्षा एका कर्मचाऱ्याच्या घरात मोकळी झालेली एक खोली जास्त मोलाची आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

मुलांनाच भेटायचे असेल तर

ज्यांना खरोखर मुलासोबत काम करायचे आहे त्यांच्यासाठीही वाट आहे, फक्त ती लांबची आहे. १९७७ मध्ये सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना मुलांच्या आयुष्याचे निर्णय अपुऱ्या माहितीवर करावे लागत होते. त्यांनी सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन मुलाच्या वतीने न्यायालयात बोलायला नेमण्याची पद्धत सुरू केली. तीच पुढे ‘कासा’ या नावाने अमेरिकाभर पसरली. या स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासली जाते, किमान ३० तासांचे प्रशिक्षण होते, आणि प्रकरण संपेपर्यंत त्याने त्या मुलाला सोडायचे नाही अशी अपेक्षा असते. सोशल वर्कर बदलतात, वकील बदलतात, घरेही बदलतात. हा एक माणूस बदलत नाही. रॉबर्टसन दांपत्याला घरात जे दिसले तेच इथे न्यायालयात लागू पडते. वर्ष-दोन वर्षे देण्याची तयारी असेल तर अशी वाट धरावी. तयारी नसेल तर नाही म्हणणे हाच मुलाच्या हिताचा निर्णय, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

फोटोंबद्दल नियम साधा आहे. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. पाठमोरे नाहीत, चेहरा धूसर करूनही नाहीत. काही मुलांना शोधणारी माणसे धोकादायक असतात आणि गणवेश, खिडकी, पाठीमागची पाटी एवढ्यावरूनही पत्ता लागतो. अनेक देशांत अशा मुलाची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करते. कंपनीच्या अहवालाला चित्र हवेच असेल तर बॅगांचे द्या.

बॅगा भरायच्या दिवशी एखादे भाषण होते. ते करणाऱ्याने समोर कोण बसले आहे याचे भान ठेवावे. त्या खोलीत लहानपणी अशाच व्यवस्थेत वाढलेला एखादा सहकारी असू शकतो, ज्याने हे ऑफिसात कुणालाच सांगितलेले नाही. ‘बिचारी’, ‘अभागी’, ‘नको असलेली मुले’ असे शब्द त्याच्या कानावर कसे पडतील? तो बोलायला तयार असेल, तर बॅगेत काय हवे हे त्याच्याइतके नेमके कुणी सांगू शकणार नाही. मात्र त्याला उठून अनुभव सांगायचा आग्रह कधीच करू नये. संस्थेशी जोडलेल्या, मोठ्या झालेल्या मुलामुलींकडून सल्ला घ्यायचा तर त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे, जसे कुठल्याही जाणकाराला देतो.

शेवटी, कार्यक्रम बंद करण्याबद्दल, कारण याचा विचार सुरुवातीला कुणीच करत नाही. बजेट कापले जाते, उत्साही व्यवस्थापक नोकरी सोडतो, टीमचे लक्ष दुसरीकडे जाते. तोवर संस्थेने तुमच्या बॅगांवर विसंबून दुसरा पुरवठा थांबवलेला असतो. म्हणून पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा: किती महिने देणार, थांबायचे झाले तर किती आधी कळवणार, आणि उरलेला साठा, पुरवठादारांचे संपर्क, तक्ते कुणाच्या हाती सोपवणार. सहा महिने जमणार असेल तर सहाच महिने सांगा. संस्था त्याप्रमाणे सातव्या महिन्याची सोय आधीच करून ठेवू शकेल.